पारसिकच्या चढावरचे शून्य वॉट

भुताखेतांच्या गोष्टी मी ऑफिसच्या डबा-सुट्टीत सुद्धा ऐकून घेत नाही. समोरची रंगात आली की मी विचारते, "किती वाजता? कुठे? सोबत कोण होतं?" आणि गोष्ट तिथेच संपते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते किती वैतागून लिहितेय, हे आधी समजून घ्या.

मी बेलापूरला राहते, इथल्याच एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखा सांभाळते. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या हृदयात दोन स्टेंट बसले. घरी आले ते गप्पच झाले. खुर्ची, टीव्ही, खुर्ची. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवू दे, चढाचा रस्ता चालेल, पण मोटरची मदत हवी आणि नाडी एकशे पंचवीसच्या वर जाता कामा नये. पहिले काही महिने सोबत कोणीतरी पाहिजेच. एक चढ कमी मदतीवर, स्वतःच्या पायाने, नाडी सांभाळून पार करून दाखवला की मग एकटे सोडा.

श्रीकांतनी त्यातलं फक्त 'एकटे' ऐकलं. बऱ्याच महिन्यांनी डोळ्यांत काहीतरी दिसलं.

मग मी इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या मागे लागले. चौदा रकान्यांचा तक्ता केला. मोटर मागच्या चाकात नको, पेडलपाशी हवी, म्हणजे चढावर गिअरचा फायदा मिळतो. सेन्सर पायाचा जोर मोजणारा हवा... पाय जितका दाबाल त्या हिशेबात मोटर साथ देते, पाय थांबला की मोटरही थांबते. ब्रेक हायड्रॉलिक, पुढची डिस्क मोठी, कारण बाइक चोवीस किलो आणि नवरा ब्याऐंशी. मागचं सस्पेन्शन नको, उगाच वजन.

"लाल रंगात आहे का?" श्रीकांतनी दुकानात एवढंच विचारलं.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पारसिक हिलला जायचो. ते बाइकवर, मी मागे स्कूटरवर. घरी आल्यावर मी फोनवरचे आकडे वहीत उतरवायचे - त्यांच्या पायाच्या जोराचे वॉट, मोटरचे वॉट, वेग, नाडी.

तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं. जुन्या खाणीच्या भिंतीनंतर जो खडा वळणाचा चढ आहे, साधारण तीनशे मीटरचा, तिथे त्यांच्या पायाचे वॉट शून्य. मोटरचे शून्य. नाडी ब्याण्णव. आणि वेग ताशी अकरा किलोमीटर. चढावर!

"अहो, टँकरला धरून गेलात का?" मी विचारलं. तिथून पाण्याचे टँकर जातात, कॉलेजची पोरं त्यांना लटकतात. त्या वळणावर टँकरना वाट देत मी नेहमी थोडी मागे पडायचे, म्हणून शंका.

"मी? या वयात?"

"मग हे शून्य कसलं?"

"मला काय माहीत. बाइक तू निवडलीस."

पुढे दोन महिने माझं डोकं फिरलं. वाशीच्या दुकानातला मेकॅनिक सतीश म्हणाला, "मॅडम, सेन्सर गेला असेल." सेन्सर बदलला. शून्य. डिस्प्ले बदलला. शून्य. वॉरंटीत अख्खी मोटर बदलून घेतली. तरीही त्या तीनशे मीटरवर शून्य, बाकी रस्ताभर सगळं व्यवस्थित. एका रविवारी मी स्वतः ती बाइक चढवली. एकशे तीस वॉट, नाडी एकशे बावन्न, वर पोचल्यावर डोळ्यांपुढे काजवे. शेवटी दुसऱ्याच कंपनीची बाइक भाड्याने आणून त्यांना दिली. शून्य!

"मॅडम," सतीश हात जोडून म्हणाला, "आता मी साहेबांचा सेन्सर बदलू का?"

म्हणजे बाइक ठीक होती. खोटं बोलत होता तो नवरा. मी तसं तोंडावर बोलले. डॉक्टरांसमोर सुद्धा बोलले, "हे चढावर काहीतरी लबाडी करतात, यांना एकटं सोडू नका."  श्रीकांत घरी येऊन खुर्चीत बसले आणि टीव्ही लावला.

त्यानंतरच्या रविवारी मी स्कूटर त्यांच्या मागे चिकटवली. खाणीची भिंत आली, वळण आलं. टँकर नाही, रिक्षा नाही, रस्त्यावर कुत्रं सुद्धा नाही. श्रीकांतचे पाय थांबले. दोन्ही पेडल आडवी, चेन स्थिर, आणि बाइक आपली वर चाललेली... सावकाश, एका वेगात. मी ओरडले, "थांबा!" त्यांनी ब्रेक दाबला. बाइक थांबली, पण ते स्वतः पुढे झुकले. पाठीत कोणी रेटावं तसे. मागे फक्त मी होते, चार हातांवर.

"कोणीतरी हात लावतं," ते म्हणाले. "इथे, कमरेच्या जरा वर. पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तू त्याचाही रकाना पाडला असतास."

खाली उतरलो तरी आमचा त्यावरून वाद चालूच होता. पायथ्याशी गावातल्या एक आजी भाजी घेऊन बसतात. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं.

"'पुरे' बोलला का तुमचा मानूस?" आजींनी मलाच विचारलं.

"कोणाला?"

"जी हात लावते तिला. आमी पोरी होतो तवा गवताचे भारे घेऊन ह्योच चढ चढायचो. पुढचीला दम लागला का मागची कमरेला हात द्यायची. बोलायचा नाय, इचारायचा नाय. पुढचीनं 'पुरे गो बाय' बोलला का हात काढायचा. बोललाच नाय तर ती कशी सोडंल?"

"कोण ती, आजी?"

"मना काय ठाव? मागं वलून कोन बघतंय, डोक्यावर भारा असतो. मेथी देऊ?"

मेथी घेतली. चिडचिड इतकी झाली होती की दोन जुड्या घेतल्या.

पुढच्या रविवारी वळणावर मी पाच हातांवर होते. श्रीकांतचे पाय थांबले. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी साधा, घरातल्या माणसाशी बोलावं तसा, "पुरे गो बाय. आता माझं मी बघतो."

बाइक जागच्या जागी डगमगली. त्यांनी गिअर पाडला, पेडल दाबलं. त्या दिवशी दोनदा उतरावं लागलं. वर पोचले तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला, आणि हा माणूस हसत होता. एकशे अठरा वॉट, नाडी एकशे चोवीस. मी फोनकडे बघत उभी राहिले आणि म्हटलं, "मी तुम्हाला खोटं ठरवलं. डॉक्टरांसमोर. चुकलं माझं."

"लिहून देतेस का?" ते म्हणाले.

पाच आठवड्यांनी ते एकदाही न उतरता वर गेले. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि परवानगी दिली. मी डॉक्टरांना मागचं सगळं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

उलगडा मला आजही नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास बसलाय असंही नाही, उलट रागच येतो. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त सेन्सर म्हणू नका.

आता ते रविवारी एकटेच जातात. आकडे माझ्या फोनवर येतात. बहुतेक वेळा सगळं नीट असतं. पण एखाद्या रविवारी, आदल्या आठवड्यात त्यांची दगदग झालेली असली की, खाणीच्या वळणावर पुन्हा शून्य दिसतं. अशा दिवशी ते घरी आले की मी काही विचारत नाही. जेवायला वाढते आणि दुपारी दाराची बेल बंद करून ठेवते, म्हणजे त्यांची झोप मोडत नाही.