कुंदाताईंची खुर्ची

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या घाईत होते. वणीच्या दवाखान्यातल्या त्या समुपदेशक. दर गुरुवारी आमच्या मुकुटबनला यायच्या. मला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ मनात आलं, आता हे घरात मलाच सांगावं लागणार आणि माझे यजमान माझ्यादेखत त्यांच्यासाठी रडणार... गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी त्यांच्या जिवंतपणी इतका केला, की सवय सुटायला वेळ लागेल.

माझ्या यजमानांना स्किझोफ्रेनिया आहे. कानात येणारे आवाज गोळ्यांनी थांबले, हे ओसरीत गप्प बसायला लागले आणि आम्ही सुटलो. सासूबाई तर शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, पोरगा अगदी गाईसारखा झाला. त्या वर्षांत कापसाने सगळ्या तालुक्याचं कंबरडं मोडलं होतं, शेतकरी जीव देत होते. कोण उदास आहे ते विचारत दवाखान्याची माणसं घरोघर फिरायची. मला विचारायची, दिराला विचारायची; यांच्यापाशी आली, की यांचं औषध चालूच आहे म्हणून चपला घालायची. कुंदाताई तेवढ्या थांबल्या. "ते औषध आवाजाचं झालं, मॅडम," मला म्हणाल्या, "दुःखाचं कोणी विचारलं काय याईले?"

मग प्लास्टिकची खुर्ची यांच्याजवळ ओढली आणि मला चहा ठेवायला आत पाठवलं. दर गुरुवारी तेच. माझंच घर, माझाच नवरा, आणि आत जायचं मी! मी गॅस न पेटवता दाराआड उभी राहायची. चहाला इतका वेळ का लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या झोपेचं विचारायच्या, जेवणाचं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत बसायच्या. मी असते तर तेवढ्यात दोनदा चिडले असते. एकदा त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काय वाटतं. यांचा आवाज आला, "वाट्टे, कायले उठलो."

इतकी वर्षं शेजारी झोपले मी या माणसाच्या, आणि सांगितलं कोणाला, तर परक्या बाईला. अंगाची लाही लाही झाली. तरी त्याच दिवशी फवारणीच्या विषाचे डबे दिराच्या घरी हलवले. वणीच्या डॉक्टरांनी उदासीवर वेगळं औषध सुरू केलं. थंडी पडायच्या सुमारास भाजीत मीठ कमी आहे म्हणून हे कुरकुरले, तेव्हा मी आनंदाने भांडले. गुरुवारी ती तक्रार कुंदाताईंच्याही कानावर गेलीच.

त्या गेल्याचं सांगितलं तेव्हा हे रडले नाहीत. गुरुवारी सकाळी मात्र खुर्ची ओसरीत आणून पुसली. मी तिच्यावर बसले.

"ते कुंदाताईची हाय," हे म्हणाले.

मी खाली बसले आणि त्यांचाच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर पहिलं काय वाटलं.

"आज मालूम होतं कायले उठलो ते. खुर्ची काढाची होती." आणि मग रडले.

माझ्यासाठी कधी असे उठाल का, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि आत जाऊन खरोखरचा चहा ठेवला. खुर्ची अजूनही दर गुरुवारी बाहेर येते. मी खाली बसून विचारते, आणि हे सगळं सांगतात. तोंड मात्र खुर्चीकडे असतं.