उपरण्याखालचं उत्तर

चिमाजीला गप्प बसणं जमत नसे. पाय हलत, बोटं वाजत, आणि विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ह्याच्या तोंडून उत्तर सांडलेलं असे. निघोज्याहून सायकल हाणत तो चाकणच्या हायस्कुलात येई तेव्हासुद्धा स्वतःशी बोलत येई.

वडील दौलतराव चाकणच्या कांदाबाजारात दलाल. दहावी झाली की पोरानं आपल्या शेजारी बसावं, एवढं त्यांचं ठरलेलं. पोराला अकरावी करून मॅट्रिक व्हायचं होतं. त्यापुढं काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं, फक्त कांद्याच्या वासातून सुटायचं होतं. त्या हिवाळ्यात हायस्कुलांच्या ज्ञानस्पर्धा निघाल्या, जिंकणाऱ्या शाळेला ढाल होती. त्याची निवड झाली, आणि दौलतरावांनी बाजारातल्यासारखा तोडगा काढला.

"ढाल आन. आनलीस तर म्हनशील तितकं शीक. न्हाई आनलीस, तर दहावीची वाट न्हाई, त्याच शनवारपासनं बाजारात. कबूल?"

"कबूल," चिमाजी म्हणाला. तेही त्यांचं वाक्य संपायच्या आत.

संघ तिघांचा. पोस्टमास्तरांचा ज्योतीराम कप्तान, भैरू भूगोलाला, आकडे आणि सनावळ्या चिमाजीकडे. तिघांनी आपसांत ठरवायचं, बोलायचं फक्त कप्तानानं. खेडच्या पहिल्या फेरीत चिमाजी दोनदा परस्पर ओरडला, दोनदा गुण कापले गेले. कसेबसे निभावले.

"आणखी एकदा तोंड उघडलंस तर घरी," मारुतराव सर म्हणाले.

"सर, हातानं सांगू?"

बाजारात भाव कुणी तोंडानं बोलत नसे. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं धरून आकडा सांगायचा. हात सुटला की सौदा झाला. मग कुणी चकार शब्द काढायचा नाही. चिमाजीनं हे सगळं करून दाखवलं.

"कांदे विकायला निघालोय का रे आपण?" सर हसले. पण करून पाहा म्हणाले.

तळेगावला करून पाहिलं. पानिपतची तिसरी लढाई? बाकाखाली आधी सहाची खूण, मग एकाची; सतराशे ज्योतीरामला ठाऊकच होतं. "सतराशे एकसष्ट," ज्योतीराम म्हणाला. फेरी जिंकली. चिमाजीचे पाय मात्र बाकाखाली थयथयत होते; ओठ मिटले की आतलं सगळं पायांत उतरे.

शेवटची फेरी चिंचवडला. मांडवात दौलतराव उभे, खाली बसायला तयार नाहीत. दोन्ही संघ बरोबरीत आले आणि शेवटचा प्रश्न चाकणला आला. रशियानं आकाशात उपग्रह सोडल्यापासून जो तो आभाळातलंच विचारत होता.

"चंद्र पृथ्वीपासून किती मैलांवर आहे?"

चिमाजीनं बाकाखाली ज्योतीरामचा हात ओढला. दोन बोटं, मग चार. दाबली, सोडली.

ज्योतीराम उठला. "चोवीस हजार मैल."

बाजारात चोवीस म्हणजे रुपये की आणे हे कुणाला सांगावं लागत नाही, माल समोर असतो. चंद्र कुठं समोर होता? दोन लाख चाळीस हजार, हे एकट्या चिमाजीच्या डोक्यात राहून गेलं होतं.

"उत्तर बदलायचं आहे?" परीक्षकांनी विचारलं. "संघातला कुणीही सांगू शकतो."

भैरूनं नाही म्हणून मान हलवली. चिमाजीच्या घशात 'लाख' येऊन बसला. पण हात सुटला होता. हात सुटल्यावर बोललेल्या माणसाच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. जीभ उचलेना. घंटा झाली. ढाल समोरच्या संघाकडे गेली.

"तुला येत होतं?" ज्योतीरामनं त्याची गचांडी धरली. "अरे, जन्मभर बडबडतोस, आणि आज काय दातखीळ बसली?"

"हात सुटला होता."

"घाल चुलीत तुझा हात!"

दौलतराव मात्र जवळ आले ते खुशीत. बाकाखालचे हात त्यांनी लांबूनच पाहिले होते, सगळं उमगलं होतं. पाठीवर थाप मारून म्हणाले, "हरलास, पर बोलला न्हाईस. अस्सल दलाल हाईस लेका! शनवारी चांगलं धोतर घालून ये."

इतकं कौतुक त्यांनी आजवर केलं नव्हतं. चिमाजी त्या हाताखालून निसटून बैलगाडीत चढला. गाडी भोसरीच्या माळाला लागेपर्यंत तो बैलांच्या पाठी बघत राहिला.

"दादा," तो बापाला म्हणाला, "मी न्हाई येनार शनवारी."

"कबूल केलं व्हतंस."

"केलं व्हतं. तरी न्हाई येनार."

"सौदा मोडतुस?"

"मोडतो." त्याचा आवाज फाटला. "मला मॅट्रिकला बसायचंय. आज मी बोलायला पायजे व्हतं. मला येत व्हतं, दादा. दोन लाख चाळीस हजार. मला येत व्हतं."

दौलतरावांनी कासरा हातात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मोशी मागं पडली तरी पोरगा बोलतच होता, तेच तेच, आणि त्यांनी त्याला गप्प केलं नाही.