दुसरा पुरावा

माझं काम काय, हे कोल्हारच्या घरी समजावून सांगताना मी दरवेळी हरते. माणसाच्या शरीरात कोणकोणती प्रथिनं आहेत, याचा नकाशा जगभरात तयार होतोय. त्यातल्या बेपत्ता प्रथिनांच्या मागावर आमची पुण्यातली प्रयोगशाळा आहे. जनुकं सांगतात की हे प्रथिन असायला हवं, पण ते कुणाला सापडलेलं नसतं. माझ्या वाट्याला नाक आलं. वास ओळखणारी बरीचशी प्रथिनं अशीच यंत्राला हुलकावणी देतात.

"म्हंजे सातबाऱ्यावर नाव हाय, पन मानूस कुनी बघितला न्हाई," माझे वडील म्हणाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हे वाक्य मी पुढे एका भाषणात बिनदिक्कत ढापलं.

मग करोनाच्या तापात दादांचाच वास गेला. ताप उतरला, वास काही परत आला नाही. जेवणाची चव गेली, दोन भाकरींची अर्धी झाली, सदरे अंगावर लोंबायला लागले. लेकीचा अभ्यास नाकाचा, आणि बापाच्या नाकासाठी मला काही म्हणजे काही करता येईना. त्याचा मला फार राग यायचा.

सावेडीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज ओळखीचे वास हुंगायला द्या, फरक पडेलही, नाहीही. आई रोज सकाळी त्यांना डोळे मिटायला लावून लवंग, लिंबू, निलगिरी नाकाखाली धरायची. थोड्याच दिवसांत दादा सगळं बरोबर ओळखायला लागले. आईने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. मी सुट्टीला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आई रोज त्याच क्रमाने वास देत होती. मी आधी लिंबू धरलं.

"लवंग," दादा ठामपणे म्हणाले.

आईने वासाच्या डब्या गोळा केल्या. ती आत गेल्यावर दादा माझ्यावर चिडले. "रोज आशेनं तोंडाकडं बघती ती. काय म्हनायचं हुतं मी?"

संध्याकाळी आईने विचारलं, "मग खरं कसं कळायचं?" मी तिला आमचा नियम सांगितला. आम्ही प्रथिनाचे तुकडे करतो आणि तुकड्यावरून प्रथिन ओळखतो. पण एखादा तुकडा भलत्याचाच निघू शकतो. म्हणून दोन वेगवेगळे तुकडे हाती आल्याशिवाय सापडलं म्हणायचं नाही. आईने त्यातलं 'दोन' तेवढं उचललं. त्या दिवसापासून तिने डब्या हुंगायला देणं सुरू ठेवलं, पण 'काय आलं' हे विचारणं बंद केलं. आपणहून सांगतील तेच खरं, म्हणाली.

जवळचा साखर कारखाना सुरू झाला की मळीचा वास आमच्याकडे घरात शिरतो आणि सगळे नाक मुरडतात. गेल्या हंगामात एका सकाळी आईचा फोन आला. "आज मळी लई घान मारती, असं म्हनले."

"आई, दारावरून उसाच्या ट्रॉल्या जाताना दिसतात त्यांना. अंदाजाने म्हणाले असतील."

"व्हय. एकच हाय अजून," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझंच मन खट्टू झालं.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले. दुपारी आई आणि मी परसात मेथी निवडत बसलो होतो. दादा पुढे ओट्यावर पेपर वाचत होते. वारा परसाकडून घराकडे वाहत होता. गप्पांच्या नादात आम्ही दोघी गॅसवरचं दूध विसरलो.

"अगं, दूध लागलं खाली! हायेत कुठं दोघी?" ओट्यावरून दादांचा आवाज आला.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याचा तळ काळा झाला होता. आई स्वयंपाकघरात थांबलीच नाही. पदराला हात पुसत ती थेट ओट्यावर गेली आणि दादांसमोर नुसती उभी राहिली.

"माझ्याकडं काय बघती? दूध बघ की आधी," दादा म्हणाले.

तिने वळून मला विचारलं, "झाले ना गं दोन?"

"झाले," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

त्या लागलेल्या दुधाचाच आईने चहा केला. करपट लागतोय म्हणून कुरकुरत दादांनी तो संपवला आणि आणखी कपभर मागितला.