सगळे एकदम मावतील अशी गाडी

वस्तादांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण केस कापायला येणारा माणूस पाटी कशाला वाचतोय? येणारा बाप त्यांना वस्ताद म्हणायचा, मग त्याचा पोरगाही वस्तादच म्हणायचा. दुकानात दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात पाणी तापवायची शेगडी. वस्ताद स्वतः कमी बोलत. त्यांचं म्हणणं असं, की गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसाशी आपण वाद घालू नये, आणि तोही घालत नाही. त्यामुळे दिवस सुखात जातो.

घरी ते, बायको आणि दोन मुली. थोरलीला सगळे मोठीच म्हणायचे, धाकटी चिमणी. त्यातच सासूबाई पडल्या, गुडघा आखडला, म्हणून त्याही कायमच्या राहायला आल्या. सासूबाई गोड स्वभावाच्या, पण डावा पाय अजिबात वाकत नसे. आणि या सगळ्या संसाराला वाहन एक, वस्तादांची स्कूटर. कुठे जायचं म्हटलं की दोन खेपा ठरलेल्या. पहिल्या खेपेला बायको मागे, चिमणी पुढे उभी, मोठी मध्ये चेपलेली. दुसऱ्या खेपेला सासूबाई, एका बाजूला पाय सोडून, जावयाचा शर्ट मुठीत धरून. अर्धं घर सगळीकडे लवकर पोचायचं आणि अर्धं उशिरा. एकदम पोचलेलं हे घर कोणी पाहिलंच नव्हतं.

यात वावगं काही आहे असं वस्तादांना कधी वाटलं नाही. मग चिमणीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम आला. वस्तादांनी पहिली खेप टाकली, परत फिरले, सासूबाईंना जिना उतरवलं, स्कूटरवर बसवलं. वाटेत फाटक बंद. मालगाडी कसली ती, संपेचना. शाळेत पोचले तर टाळ्या चालल्या होत्या आणि चिमणी व्यासपीठावरून उतरत होती. ती धावत आली. रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मी हळूहळू गायले. तुम्ही याल म्हणून. बाई डोळे वटारत होत्या तरी हळूहळूच गायले."

वस्तादांनी तिच्या केसांतली निसटलेली पिन नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको डबा भरता भरता म्हणाली, "अहो, आता तिसरं येतंय. खेपा तीन करणार आहात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी बघा. जुनी चालेल, छोटी चालेल, कुरूप असली तरी चालेल. पण सगळे एकदम मावले पाहिजेत."

वस्तादांनी ही गोष्ट दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कानावर घातली आणि मोठी चूक केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. ज्याच्या त्याच्या मानेला फडका बांधला की तो गाडीवरच सुरू. एक म्हणे पांढरी घ्या, उन्हात तापत नाही. दुसरा म्हणे पांढरी मुळीच नको, धुता धुता जीव जाईल. एकाने चार दारांचा आग्रह धरला, तर ज्याच्या आयुष्यात कधी गाडी नव्हती असा एकजण पाठीला साबण लावल्यासारखा घसरून बसत म्हणाला, "वस्ताद, इंजिन बघा इंजिन. बाकी सगळा दिखावा." वस्ताद सगळ्यांना "हो हो" म्हणत राहिले. ऐकायचं होतं ते त्यांनी एकाचंच ऐकलं. दुकानासमोरच्या गॅरेजातला मेकॅनिक. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलत असेल तर खूप. वस्ताद त्याचे केस फुकट कापत, तो स्कूटर फुकट बघे. रोज सकाळी दुकानं उघडायच्या आधी त्यानेच वस्तादांना गाडी चालवायला शिकवली. शिकवणं म्हणजे चुकलं की "हं" आणि जमलं की "हं". दोन्हींतला फरक कळायला वस्तादांना बरेच दिवस लागले.

पहिली गाडी बघितली ती जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात. काळीभोर, लांबलचक, आरशासारखी चमकणारी. वस्तादांनी सवयीने तिच्यात स्वतःचा भांग बघितला आणि गाडी तिथेच त्यांच्या डोळ्यांत भरली. विकणारा म्हणाला, "साहेब, खास तुमच्यासाठी ठेवली होती." वस्तादांना जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. खिशाला झेपेल की नाही हेही ते विसरले. मेकॅनिक मात्र सरळ गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "पुढून एक गाडी आहे, मागून दुसरी. मधे जोडलीये."

"पण स्वस्त आहे रे," वस्ताद पुटपुटले.

"असणारच. दोन्ही अर्ध्याच आहेत."

दुसरी गाडी नेहमीच्या गिऱ्हाइकाची होती. कुठल्याशा कचेरीतले हिशेबनीस, अतिशय टापटिपीचे. गाडीही तशीच, ओरखडा नाही. मेकॅनिकनेही मान डोलावली. पण ती बसकी होती. सासूबाई आत बसल्या त्या बसल्याच. बाहेर यायला काही केल्या जमेना. एका बाजूने वस्ताद, दुसऱ्या बाजूने हिशेबनीस, मागून मोठी ढकलतेय. सासूबाईंना हसू आवरेना. "जावईबापू, राहू द्या मला इथेच. दोन वेळचं जेवण तेवढं आणून देत जा." सगळे हसले, हिशेबनीस सोडून. गाडी नको म्हटल्यावर ते दुखावले आणि केस दुसरीकडे कापायला लागले. दोनेक महिन्यांनी डोक्यावर उंदराने कुरतडल्यासारखी दशा घेऊन परत आले आणि मुकाट्याने खुर्चीत बसले. वस्तादांनी फडका बांधला आणि कात्री उचलली.

तिसरीचा पत्ता मेकॅनिकनेच दिला. जुन्या वस्तीत एक निवृत्त नर्स राहत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. घरोघरी बाळंतिणींकडे फिरण्यात त्यांची हयात गेली होती, ती सगळी याच गाडीतून. आता नजर गेल्यासारखीच झाली होती, म्हणून गाडी विकून टाकायची होती. रंग मोहरीसारखा पिवळट, आकार उभ्या खोक्यासारखा, पुढचा एक दिवा किंचित तिरळा. हॉर्न वाजवला तर घसा बसलेल्या माणसासारखा आवाज यायचा. वस्तादांना ती पाहून काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडी लाजच वाटली.

सिस्टर दारातच म्हणाल्या, "एकटे कशाला आलात? बसणार कोण कोण ते आधी मला बघू दे. बघणं म्हणजे आपलं असंच. जा, सगळ्यांना घेऊन या."

झालं, पुन्हा दोन खेपा. सगळे जमल्यावर सिस्टरांनी आधी सासूबाईंचा हात धरला. "गुडघा कुठला?"

"डावा."

"मग या दाराने. पाठ करून बसायचं आधी. पाय नंतर आत घ्यायचे, घाई नाही. माझ्या किती अवघडलेल्या पोरी बसल्यात अशा."

सासूबाई बसल्या. छत उंच, आसन उंच, दार ऐसपैस उघडणारं. "आई गं" नाही, हसणं नाही, ओढाताण नाही. आत बसून त्या नुसत्या इकडेतिकडे बघत राहिल्या, जणू कोणीतरी खास त्यांच्या मापाची खुर्ची करून दिली होती. बायको त्यांच्याशेजारी बसली, मग मुली. सिस्टर पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "चला, एक चक्कर. रस्ता मी सांगते."

आणि खरंच सांगायला लागल्या. इथून डावीकडे, खड्डा चुकवा, आता चढ येईल, दुसरा गिअर. दिसत काही नव्हतं, पण रस्ता सगळा पाठ होता. वस्तादांना वाटलं गाडी त्याच चालवताहेत, आपण नुसतं चाक धरलंय. मग त्या म्हणाल्या, "आता उजव्या हाताला पिठाची गिरणी. तिथून वळा."

गिरणी नव्हती. बायकोने चिमणीला कोपर लावलं, पण ती कसली थांबतेय? "गिरणी नाहीये इथे. मोठी इमारत आहे. खूप खिडक्या आहेत."

सिस्टर मागे वळून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस गं. मला वाईट वाटेल म्हणून कोणी सांगतच नाही. काय रंग आहे इमारतीचा?"

"निळा. पण घाण झालाय. आणि एका खिडकीत मांजर बसलंय."

तिथून पुढे चिमणीच सांगत गेली. दुकानाच्या पाट्या, भिंतीवरची चित्रं, कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते. सिस्टर मधेच विचारायच्या, "ते झाड आहे का अजून, रस्त्यात आलेलं?" झाड होतं. त्या हसल्या, जणू जुना ओळखीचा माणूस भेटला.

परत आल्यावर सिस्टरांनी किंमत सांगितली. वस्ताद आदल्या दिवसापासून घासाघिशीची वाक्यं पाठ करत होते. ती सगळी विसरले आणि नुसतं "बरं" म्हणाले. तोवर येऊन पोचलेला मेकॅनिक गाडीखालून बाहेर येत म्हणाला, "हं. घे." त्या दिवसापुरतं त्याचं बोलून झालं होतं.

त्या गाडीने मग किती वर्षं त्या घराला वागवलं! तिसरं बाळ, मुलगा, दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आला. तिला दाढीच्या साबणाचा वास लागला, आधीचा औषधांचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. मागची एक काच अर्ध्यावर अडकायची, ती वर करायची मक्तेदारी मोठीची. खिडकीशी कोण बसणार यावरून दोघी बहिणींची रोज जुंपायची. कितीतरी रविवारी वस्ताद सिस्टरांना फिरवायला न्यायचे. पुढे सिस्टर, मागून चिमणीची बडबड. नंतर सिस्टर भाचीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. जाताना त्यांनी गाडीच्या दारावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "दाराला तेल घालत जा हो." वस्तादांनी ते कधी चुकवलं नाही.

सासूबाई गेल्या त्यानंतर त्यांच्या बाजूचं ते आसन बराच काळ कोणी घेतलं नाही. ठरवून नव्हे. सगळे आपोआप दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने बसत. एकदा वस्तादांनी आरशात पाहिलं, तर तीन पोरं एकमेकांच्या अंगावर आणि शेजारी ती ऐसपैस मोकळी जागा. त्यांना पुढचा रस्ता क्षणभर दिसेना.

मग सुटे भाग मिळेनासे झाले. मेकॅनिक दुसऱ्या गाड्यांतले काढून हिच्यात घालत राहिला. पण एक दिवस तोही म्हणाला, "आता पुरे, वस्ताद." गाडी भंगारात जाण्याच्या दिवशी बायको सकाळीच खाली गेली आणि मागच्या आसनावर जाऊन बसली. वस्ताद बोलवायला गेले तर म्हणाली, "बसते जरा. चहा इथेच आणा." दोघांनी चहा तिथेच प्यायला.

आता मोठीची स्वतःची गाडी आहे. थंडगार, गुबगुबीत, प्रत्येकाला वेगळा पट्टा, वेगळा कप ठेवायचा कप्पा. परवा सगळी तिच्यातून निघाली होती, चिमणी, तिचा नवरा, शेंडेफळ, सगळे. कोणाचं कोपर कोणाला लागत नव्हतं. वस्ताद पुढे बसले होते आणि त्यांना उगीच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. गप्पा जुन्या गाडीवर आल्या. मोठी म्हणाली खिडकी माझी, चिमणी म्हणाली खोटं, माझी. भांडण पुन्हा पेटलं.

शेंडेफळ, आता मिशा फुटलेला, बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आणि माझी जागा कुठली होती?"

दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच, कोणाला आठवेना.

"तुला कसली रे जागा?" आई मागून म्हणाली. "तू आधी माझ्या मांडीवर, मग आजीच्या, मग मोठीच्या. वळण आलं की इकडून तिकडे. घर येईपर्यंत सगळ्यांच्या मांड्या फिरून झालेल्या असायच्या तुझ्या."

तो हसला. "म्हणजे मला जागाच नव्हती!"

"नव्हतीच," वस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुझी मजा होती लेका."