टण की भद

टिचकीमास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते कपबशांच्या कारखान्यात कप वाजवायचे. हसू नका, कप वाजवणं हेही एक काम असतं आणि ते कुणा ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप त्यांच्या टेबलावर यायचा. मास्तर तो डाव्या तळहातावर तोलायचे, पेन्सिलीएवढ्या लाकडी काडीने काठावर एक टिचकी मारायचे आणि कान द्यायचे. निर्दोष कप वाजतो ‘टण’. आत केसाएवढी जरी चीर असली, तरी तोच कप सर्दी झाल्यासारखा ‘भद’ म्हणतो. टण उजवीकडे, खोक्यात. भद डावीकडे, पिंपात. दिवसाला दोन-अडीच हजार कप, अशी बावीस वर्षं, आणि मास्तरांनी पास केलेला एकही कप आजवर परत आला नव्हता.

बरं, काडी कारखान्यात ठेवून घरी येतील तर ते मास्तर कसले! ती कायम शर्टाच्या खिशात. बाजारातलं कलिंगड, दवाखान्याचं दार, शेजाऱ्यांची नवी फुलदाणी, काहीही दिसो, टिचकी मारलीच. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा सासूबाईंनी खास ठेवणीतले कप बाहेर काढले होते. मास्तरांनी टिचकी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “भद.” सासूबाई आजतागायत त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मास्तरांना आठ वर्षांची एक मुलगी होती, आणि ती चित्रं काढायची.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसायची नाही. हातात ब्रश आला की मात्र तासन् तास हलायची नाही. कारखान्यातून मास्तर कप गुंडाळायचे भुरे कागद आणायचे, त्यावर तिचं काम चालायचं. संध्याकाळी ते घरी आले की चपला काढायच्या आत ती कागद घेऊन समोर उभी.

“बाबा, बघा!”

मास्तर सवयीने काडी काढून कागदावर टिचकी मारायचे. कागदाचा आवाज एकच, फट्. त्यावरून काही कळत नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे कामाला लागायचे.

“मांजराला मिशा एकाच बाजूला आहेत.”

“झाडापेक्षा पक्षी मोठा झालाय.”

एकदा तिने नुसतं एक बंद दार काढलं होतं. मास्तर म्हणाले, “कडी डावीकडे कशी? आपल्या दाराची उजवीकडे आहे. आणि खाली हे दोन डाग पडलेत बघ. कागद स्वच्छ ठेवावा.”

त्यांच्या मनात काही वाईट नसायचं. दिवसभर चिरा शोधणाऱ्या डोळ्यांना संध्याकाळी दुसरं काय दिसणार? पण भिंगरी कागदाची घडी घालून निघून जायची, आणि प्रत्येक वेळी ती घडी आणखी लहान व्हायची.

मास्तरांची बायको घरीच शिवणकाम करायची. बोलायचं झालं तरी ओठांत टाचण्या धरूनच बोलायची. एके दिवशी मात्र तिने टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या. मास्तरांनी काडी पटकन खिशात टाकली.

“अहो, ती लेक आहे तुमची, कप नाही. एकदा छान म्हणालात तर जीभ झडेल का?”

“अगं पण मिशा...”

“मिशा गेल्या खड्ड्यात!”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी कौतुकाचा नळ जो सोडला, तो बंद करायचं नावच नाही. सोमवारी ‘वा’, मंगळवारी ‘छान’, बुधवारी ‘झकास’. कागद पुरता उलगडायच्या आत शब्द तयार. वहीला घातलेल्या कव्हराचंही कौतुक, धुऊन ठेवलेल्या ब्रशचंही कौतुक. पहिले दोन दिवस भिंगरी फुलून गेली. तिसऱ्या दिवशी ती बापाकडे जरा तिरक्या नजरेने बघायला लागली. लेक कुणाची होती!

शुक्रवारी तिने एक कागद समोर धरला. त्यावर तांबडे, जांभळे फराटे होते.

“अप्रतिम!” मास्तर म्हणाले. “सूर्यास्त ना? काय रंग भरलेत!”

“बाबा, हा ब्रश पुसायचा कागद आहे.”

शिवणयंत्र थांबलं. भिंगरीने हात वर करून मास्तरांच्या खिशातली काडी काढली, त्यांच्या शर्टाच्या बटणावर एक टिचकी मारली आणि कान दिला. मग अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, “भद.” काडी खिशात परत ठेवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर चित्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. रंगांची पेटी कपाटावर गेली, भुऱ्या कागदांची चळत वाढत चालली. भिंगरी आता संध्याकाळी गणितं सोडवायची, आणि तीही कुणी न सांगता. म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं बघा. संध्याकाळी मास्तर दारात आले तरी ती वहीतून मान वर करायची नाही.

कारखान्यात मास्तरांचं चित्त ठिकाणावर राहिना. एका दुपारी त्यांनी चक्क एक भद कप खोक्यात ठेवला. खोकी भरणाऱ्या बाईंनी तो उचलून त्यांच्यापुढे धरला. “मास्तर, आज कान घरी विसरलात की काय?”

मास्तर ओशाळले. बावीस वर्षं ते एका कपाशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि पोटच्या पोरीशी आठवडाभर बोलत होते. आधी नुसत्या चिरा मोजल्या, मग न बघताच पास करत सुटले. तिचं चित्र नीट असं बघितलं कधी? त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी हळूच बायकोला विचारलं, “तिची जुनी चित्रं कुठे असतील?” बायकोने टाचण्यांसकट हनुवटीने यंत्राचा खण दाखवला. सगळ्या घड्या तिने उलगडून, सपाट करून ठेवल्या होत्या.

मास्तरांनी खिडकीजवळ टेबल ओढलं, चष्मा पुसला, काडी खणात ठेवून दिली आणि पहिलं चित्र हातात घेतलं. कागद वाजत नाही, त्याला बघावंच लागतं. ते बघत बसले. आतल्या दाराआडून एक डोळा त्यांच्यावर पहारा ठेवून होता.

“अरेच्चा!” मास्तर स्वतःशीच हसले. “या मांजराचा दुसरा गाल दुधाच्या वाटीत बुडालाय! मिशा दिसणार कशा?”

“मग!” दाराआडून आवाज आला.

“आणि हा पक्षी एवढा मोठा?”

“तो जवळ आहे. झाड लांब आहे.”

मग बंद दाराचं चित्र हाती आलं. मास्तर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. उठले, घराबाहेर गेले, दार ओढून घेतलं. कडी उजवीकडे. आत आले, दार लावलं. कडी डावीकडे.

“तू हे आतून काढलंस,” ते म्हणाले.

भिंगरी बाहेर आली. “मग काय! मी आतच असते.”

“आणि हे दोन डाग?”

“डाग नाहीत ते, बाबा.” ती दाराखालच्या फटीकडे बोट दाखवून म्हणाली, “मी इथे बसते ना संध्याकाळी, तेव्हा तुम्ही आलात की तिथे तुमचे पाय काळे काळे दिसतात. आधी पाय येतात, मग कडी वाजते.”

मास्तरांनी त्या दोन डागांवरून हळूच बोट फिरवलं. याच कागदावर त्यांनी तिला स्वच्छतेचा धडा दिला होता.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “कडी बरोबर आहे. पाय तर माझेच आहेत. आणि पायांच्या मधे तू जो पिवळा उजेड सोडलायस ना, तो मला सगळ्यात आवडला.” मग त्यांनी चष्मा काढला आणि तोंडानेच म्हणाले, “टण.”

भिंगरीने त्यांचा चेहरा नीट तपासला. अजून पुरता विश्वास बसत नव्हता. तिने जुन्या चित्रांतून एक कागद ओढला. “आणि हा उंट?”

मास्तरांनी उंट बघितला. यंत्रामागून बायकोने डोळे वटारले. पण मास्तर डगमगले नाहीत.

“उंट भद,” ते म्हणाले. “गुडघे सगळे भलतीकडे वळलेत.”

भिंगरी पोट धरून हसायला लागली. “मला माहितीय! मी तो घाईघाईत काढला होता!” मग तिने दाराचं चित्र उचललं, स्वतः एकदा नीट बघितलं आणि छातीशी धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर घरी आले. कडीला हात घातला, आणि थांबले. पाय जुळवून, फटीसमोर नीट उभे राहिले.

“हलू नका हं, बाबा!” आतून आवाज आला. “आत्ताच रंग कालवलाय!”

शेजारी जिना उतरताना विचारते झाले, “काय मास्तर, घरात घेत नाहीत वाटतं?” मास्तर डबा हातात धरून, आतून हाक येईपर्यंत तसेच उभे राहिले.