यंदाचा गेम आला, भाई नाही

दरवर्षी क्रिकेटचा नवा गेम काढतात, त्यांच्या तोंडात माती पडो! खेळाडू बदलतात, कपडे बदलतात, म्हणून काढावा लागतो म्हणे. आमच्या घराला एकच गेम जन्मभर पुरला असता, आणि तोही आमचा अर्धाच खेळून झाला होता.

१९९८ साली माझा थोरला भाई कुवेतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं. त्यात आपल्या नावाचे खेळाडू बनवता यायचे. सलामीला भाई आणि मी. मी बारा वर्षांची. आमच्या पावस गावच्या मैदानात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, पण टीव्हीवर मी चौकार ठोकायचे. "काय गो, मला पण जरा खेळू दे," भाई कुरकुरायचा.

तो निघाला त्या दिवशीही आम्ही खेळत होतो. दारात जीप हॉर्न वाजवत होती. भाईने मॅच तशीच मेमरी कार्डात ठेवली आणि दम भरला, "मी येईपर्यंत हात लावायचा नाही. आपण दोघं नाबाद आहोत."

पुढच्या वर्षी तो आला नाही. आमच्याकडे सुट्टीवर येणारा माणूस तिकडच्या सगळ्यांची पार्सलं घेऊन येतो आणि घरोघरी पोचवतो. अम्माने त्या वर्षी आलेल्या माणसाला बसवून सांदण खायला घातलं. "आमचा कसा आहे?" "मजेत." पार्सलात त्या सालचा नवा गेम होता. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा माणूस, तेच सांदण, तेच "मजेत", आणि पुन्हा नवा गेम. गेमचा डबा आला म्हणजे पोरगा खुशाल आहे, असं अम्माने मनाशी धरलं होतं.

माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. नवा गेम जुनी टीम घेत नव्हता. त्यात भाई नव्हता आणि मीही नव्हते. एकदा फोनवर मी फणकारले, "यंदा तू येऊच नकोस, नुसता गेम पाठव." मग तो म्हणाला, "बरं गो बाय."

आणि खरंच नुसता गेम आला. तो लावला तर मेमरी कार्ड भरलेलं. काहीतरी पुसा म्हणून मशीन अडून बसलं. रागाच्या भरात मी आमची मॅच पुसली. बटण दाबलं आणि लगेच मशीन बंद करून पुन्हा लावलं. किती खटपट केली, पण ती काही परत आली नाही.

भाई २००२ मध्ये आला. गालफडं बसलेली, केस विरळ. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला होता, राहत्या जागेतून बाहेर पडायचीही बंदी होती. गेम तो दुसऱ्याकडून मागवून घ्यायचा. डबा चुकला तर अम्मा हाय खाईल म्हणून. पार्सल आणणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. त्याने सगळ्यांना शपथ घातली होती. आमचं सांदण खात खात ते खोटं बोलत होते.

हे सांगून झाल्यावर त्याने रिमोट हातात घेतला. "लाव गो आपली मॅच. तिकडे पडल्या पडल्या मी तीच खेळायचो. एका टोकाला तू, एका टोकाला मी."

"पुसली मी," मी म्हणाले.

त्याने रिमोट अलगद खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "आऊट कोण झालं?"

"कुणीच नाही रे भाई," म्हणत मी हमसून हमसून रडले.

महिनाभराने तो परत गेला, दुसऱ्या मालकाकडे. हा मालक चांगला आहे, म्हणाला. पुढच्या वर्षी गेम आला. अम्माने डबा उराशी धरला आणि सांदण आणायला आत गेली. ती आत आहे तेवढ्यात मी आणणाऱ्याला हळूच म्हटलं, "चाचा, खरं सांगा, कसा आहे तो?"

"मजेत," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता चपला घालू लागला.