आबांसाठी शोधलेली कादंबरी

आमच्या वडिलांना, आबांना, ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. वेड म्हणजे वेडच! गिरणीची पहिली पाळी करून यायचे, अंघोळ उरकायचे आणि दिवेलागणीला डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, गॅलरीत बसून मोठ्यानं वाचायचे. मजल्यावर वाचता येणारे मोजके, म्हणून ऐकायला सगळा मजला. बाया भाकऱ्या थापता थापता आतून ओरडायच्या, "जरा मोठ्यानं वाचा की!"

आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या वर्षी हे वाचन बंद पडलं. वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत सरदारापुढं एक महार गयावया करतो आणि सगळा दरबार खो खो हसतो, असा प्रसंग आला. आबा मधेच थांबले. चष्मा काढला, पुस्तक मिटलं आणि आत निघून गेले. पुढं मोर्च्यांत घसा बसेपर्यंत ओरडायचे, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून. पण गॅलरीत पुस्तक काही उघडलं नाही. मला ते बघवेना.

नोकरी लागली तसं मी ठरवलं, पहिल्या पगारात आबांना अशी कादंबरी द्यायची, की चारचौघांत वाचताना त्यांना मान खाली घालावी लागणार नाही. मोठा शहाणा मी! गिरगावातल्या एका दुकानात उभ्यानं पुस्तकं चाळायला लागलो. घोडे, तलवारी, पैठण्या, सगळं होतं. आपली माणसं एक तर नव्हतीच, नाहीतर दाराशी वाकलेली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या दुकानदारांनी विचारलं, "अहो, नक्की हवंय तरी काय तुम्हाला?" मी सांगून टाकलं. त्यांनी आतून स्टूल आणलं आणि एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली.

"बसून वाचा. यात किल्ल्याचा दरवाजा राखणारा एक जण आहे."

होता खरा. महार पहारेकरी. गनीम येतो, हा दरवाजा उघडत नाही, एकटा लढतो आणि तिथंच पडतो. दीडच पान, पण ताठ मानेचं. फक्त त्याला पहाऱ्यावर नेमताना किल्लेदार म्हणतो, 'जातीनं हलका, पण इमानाला पक्का.' आबांच्या हातात देण्याआधी मी ऑफिसातल्या काळ्या शाईनं ते वाक्य खोडलं.

काय अक्कल! खोडलेलं दिसलं की माणूस आधी तेच वाचतो. आबांनी पान दिव्यासमोर धरलं.

"कुणी खोडलं हे?"

"मी. लोकांसमोर वाचताना तुम्हाला..."

"लिवणाऱ्यानं लिवलं, लाज त्याला. तू का झाकतोस रं?"

मला रडूच आलं. एवढं शोधून आणलं, आणि दुखवलं ते मीच.

पण दुसऱ्या दिवशी आबा पुस्तक घेऊन गॅलरीत बसले. मजला जमला. आठवड्याभरानं तो दरवाजा आला, तेव्हा मी जिन्यापाशी उभा होतो. आबांनी खोडलेलं वाक्य खणखणीत वाचलं, एक शब्द न गाळता. "असं लिवलंय बरं का," म्हणाले आणि पुढं सरकले. आतल्या भाकऱ्यांचा आवाज थांबला होता.

गनिमाचा सरदार दरवाज्याबाहेरून ओरडतो, 'कोण आहेस तू?' पुस्तकात पहारेकरी उत्तर देत नाही. त्याला नावच दिलेलं नाही. मला ते दीड पान पाठ होतं. आबा थांबले. मग सावकाश, छापलेलंच असल्यासारखं, त्यांनी माझ्या आजोबांचं नाव वाचलं.

आजोबा गावची वेस राखायचे. जन्मभर रात्री जागले, आणि गावानं त्यांना नावानं हाक मारलेली आबांनी एकदाही ऐकली नव्हती.